वाण : मालकीणबाई

छत्तीस वर्षांच्या संसारात नारायणतात्यांनी बायकोला एकच वस्तू भेट दिली होती, ती म्हणजे बेदाणे. साखरपुड्याला बेदाणे, डोहाळजेवणाला बेदाणे, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही बेदाणेच. फरक इतकाच, की पंचविसाव्याला खोक्यावर लाल रिबीन होती. पलूसला त्यांची स्वतःची बेदाण्याची शेड होती आणि त्यांच्या मालाला तालुक्यात नाव होतं. सोनारानं बायकोला सोनं दिलं तर लोक कौतुक करतात, मग बेदाणेवाल्यानं बेदाणे दिले तर कुठं बिघडलं, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

बिघडलं ते गेल्या दिवाळीत. क्षमाताईंचं माहेर वाईचं. तिथं भावाच्या घरी, सगळे फराळाला बसलेले असताना, त्या चकलीचा तुकडा मोडत तात्यांना शांतपणे म्हणाल्या, "मार्चमध्ये इथंच माझी एकसष्टी आहे. तुम्ही या, जेवा, फोटो काढा. फक्त एवढं करा, मला बेदाणे देऊ नका."

सगळे खो खो हसले. क्षमाताईंचा धाकटा भाऊ जयराज तर ठसका लागेपर्यंत हसला. तात्याही हसले, पण त्यांना ते बोलणं चांगलंच लागलं होतं. पलूसला परत येताना, कऱ्हाडच्या पुढं आल्यावर, ते गाडीत स्वतःशीच मोठ्यानं बोलले, "या खेपेला बेदाणा न्हाई म्हंजे न्हाई!"

"काय म्हणालात?" क्षमाताईंनी विचारलं.

"काय न्हाई. खड्डा हुता."

बेदाणा नाही हे ठरलं, पण मग काय द्यायचं हे ठरायला जानेवारी उजाडला. साडी आपल्याला कळत नाही, दागिना तिला आवडत नाही. शेवटी कपाटातल्या लग्नाच्या अल्बममधला एक फोटो त्यांच्या हाती लागला. जांभळा शालू, नाकात नथ, काळेभोर केस, आणि कॅमेऱ्याकडे 'मी अजून विचार बदलू शकते' अशा नजरेनं बघणारी चोवीस वर्षांची क्षमा. फोटोचा रंग उडून सगळं तांबूस झालं होतं. तात्यांनी तो खिशात घातला आणि थेट सांगली गाठली.

सांगलीत सिकंदरभाईंचं फ्रेमचं दुकान होतं. तात्यांची आणि त्यांची जुनी दोस्ती. त्यांची मुलगी शाझिया चित्रकलेचं शिक्षण घेऊन आली होती आणि दुकानाच्या माडीवर चित्रं काढायची. ती ब्रश क्वचितच वापरायची. छोट्या सुरीनं रंग उचलायची आणि कापडावर थापायची. भिंतीला टेकवलेल्या एका चित्रात उसाचं रान होतं आणि त्यातलं एकेक पान बोटभर वर आलेलं होतं.

तात्या जवळ जाऊन वाकले. "ह्यो रंग हाय का भिताडाचं लिंपण?"

"याला इंपॅस्टो म्हणतात, काका. जाड रंगाचं काम. नुसतं बघायचं नाही, रंगाचा उंचवटासुद्धा दिसला पाहिजे."

"काय बी म्हण. पण रंगात कंजुषी न्हाई, ह्ये मला लय आवडलं. माज्या मालकिणीचं असंच काढ. चांगलं घसघशीत."

शाझियानं फोटो बघितला आणि तिचे डोळे चमकले. "काकू काय दिसायच्या! काढते. केसांच्या काळ्यात मी गर्द निळा मिसळीन, म्हणजे उजेडात चमकतील. पण एक ठरवा. ॲक्रिलिकचे रंग दोन दिवसांत वाळतात. तेलरंग सुंदर दिसतात, पण एवढा जाड थर वाळायला सहा महिनेही लागतात. वरून साय धरते आणि आत ओलं राहतं."

"दोन दिसात वाळतंय त्यो माल खरा नसतोय, पोरी. तेलाचंच कर. आन् वाळवायचं माज्यावर सोड."

"काका, हे द्राक्ष नाही."

"छत्तीस वर्सं वाळवतोय मी!" तात्यांनी छाती पुढं काढली. "माज्या हाताखाली वाळत न्हाई अशी वस्तू अजून जन्माला यायची हाय."

सिकंदरभाईंनी मुलीला डोळ्यांनीच खुणावलं, वाद घालू नकोस. शाझियानं घातला नाही, आणि पुढचं सगळं तिथंच ठरून गेलं.

चित्र सहा मार्चला हातात आलं. एकसष्टी चौदाला. चित्र असं झालं होतं, की तात्या पाच मिनिटं त्यासमोरून हललेच नाहीत. शालूच्या जरीला हात लावावासा वाटत होता. गाल तर नुकत्याच काढलेल्या लोण्यासारखे. सिकंदरभाईंनी खोक्यासारखी खोल चौकट केली होती, म्हणजे रंगाला काही टेकणार नाही.

"हात लावायचा नाही, उन्हात ठेवायचं नाही आणि वर काहीही फासायचं नाही," शाझियानं बोटांवर मोजत सांगितलं. "चौदा तारखेला ते ओलंच असणार आहे. ओलंच न्या. काकूंनाही सांगा, सहा महिने लांबूनच बघा."

तात्यांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. पण ओला माल दुसऱ्याच्या दारात न्यायचा, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यातून ते दार सासुरवाडीचं.

चित्र घरी नेलं असतं तर क्षमाताईंनी पाहिलं असतं, म्हणून ते शेडवर गेलं. मार्च म्हणजे ऐन हंगाम. हिरव्या कापडाच्या सावलीत नायलॉनच्या जाळ्यांचे कप्पे एकावर एक चढलेले आणि प्रत्येक कप्प्यावर द्राक्षं पसरलेली. तात्यांनी एका रॅकचा सगळ्यात वरचा कप्पा मोकळा केला आणि चित्र त्यावर उताणं ठेवलं. शेडचा मुकादम हरिबा खाली चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता. सत्तरी ओलांडलेला हा माणूस शेडचे नियम देवाच्या आरतीसारखे पाळायचा.

"मालक, या कप्प्याची चिठ्ठी काय लिवू?"

"त्याला कशाला रं चिठ्ठी?"

"तुमीच म्हनला हुता, बिगरचिठ्ठीचा कप्पा ऱ्हाता कामा न्हाई. वाण कंचं?"

"हरिबा, ते चित्र हाय."

"आसंल. वाण लिवल्याबिगर म्या शेडवर माल घेत न्हाई."

"लिव मग, मालकीणबाई," तात्या वैतागून म्हणाले. हरिबानं जीभ दाताखाली धरून सावकाश लिहिलं, 'वाण : मालकीणबाई. चढवली ता. ६', आणि चिठ्ठी चौकटीच्या मागच्या बाजूला तारेनं बांधून टाकली.

पहिले दोन दिवस तात्या नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना राहवेना. बेदाणा वाळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. तो अंगठ्यानं दाबून बघावा लागतो. तात्यांचा अंगठा सवयीनं पुढं झाला आणि क्षमाताईंच्या उजव्या गालावर हलकेच टेकला. तो थोडा आत गेला. मग आणखी थोडा. अंगठा बाहेर आला तेव्हा गालाला खोल, गोल, सुरेख खळी पडलेली होती.

क्षमाताईंना खळी नव्हती.

"हरिबा," तात्या अंगठा पुसत म्हणाले, "माल पार ओला हाय रं."

"असनारच. पयल्या दिशी फवारा कुटं मारला आपुन?"

तात्या थबकले. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पापुद्रा असतो. तो आतलं पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून डिपिंग ऑइल आणि पावडर पाण्यात कालवून फवारतात, पापुद्रा सैल पडतो आणि पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. आणि शाझिया काय म्हणाली होती? वरून साय धरते, आत ओलं राहतं. साय म्हणजे पापुद्राच की! काहीही फासायचं नाही असंही ती म्हणाली होती, पण फवारणं म्हणजे काही फासणं नव्हे. पोरगी कितीही शिकलेली असली तरी तिनं कधी शेड चालवली नव्हती.

"द्राक्षाच्या निम्म्यानं कर," ते म्हणाले. "हलक्या हातानं मार. तोंडावर जपून."

हरिबानं पंप घेतला आणि पदरापासून कपाळापर्यंत असा एकसारखा फवारा मारला, की तात्यांना त्याचा अभिमान वाटला.

पाचव्या दिवशी रंग वरून खरंच कोरडा लागला. तात्यांनी आनंदानं टाळी वाजवली आणि चष्मा लावून नीट बघितलं. डोळ्यांच्या कोपऱ्याशी बारीक बारीक रेषा उमटल्या होत्या. वरची साय आवळली होती, आतलं ओलं तसंच होतं, आणि जागा पुरेना म्हणून सायीला चुण्या पडायला लागल्या होत्या. हे असं होताना तात्यांनी जन्मभर पाहिलं होतं. चांगला माल असाच आवळत जातो. फक्त या मालाला नाक-डोळे होते.

"उजेडामुळं तसं दिसतंय," त्यांनी स्वतःला बजावलं.

त्याच दुपारी आभाळ भरून आलं. मार्चमध्ये ढग आला की अख्खं पलूस माल झाकायला शेडकडे धावतं. तात्यांनी शेडला प्लॅस्टिक ओढलं, द्राक्षांवर गरम हवेचा पंखा लावला, आणि मग घटकाभर विचार करून तोच पंखा मालकीणबाईंच्या कप्प्याकडे वळवला. दोन तास ते स्वतः शिडीवर बसून राहिले. ढग न बरसता निघून गेला. पण तोवर कपाळावर तीन आडव्या रेषा आल्या होत्या आणि हनुवटीखाली सैल घडी पडली होती. एवढं होऊनही गडी डगमगला नाही. आता फक्त चार दिवस. हात लावायचा नाही, फवारायचं नाही, काही करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. हे आधी ठरवलं असतं तर कथा इथंच संपली असती.

सातव्या दिवशी क्षमाताई तयारीसाठी वाईला पुढं गेल्या आणि तात्या शिवायला टाकलेला नवा शर्ट आणायला गेले. परत येऊन शिडी चढून बघतात तो रॅक रिकामा. खालपासून वरपर्यंत एक दाणा नाही आणि मालकीणबाईही नाहीत.

"हरिबा! चित्र कुटं हाय?"

"धुरीत," हरिबा तंबाखू मळत म्हणाला.

बेदाणा उतरवला की त्याला पिवळी झळाळी यावी म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. तात्यांच्या हातातला शर्ट खाली पडला.

"आरं, चित्राला धुरी?"

"त्या रॅकचा माल सगळा उतरवला. सगळ्यास्नी दिली, मग एकट्या मालकीणबाईस्नी कसं वगळायचं? रोज म्होरं यायचंय मला त्यांच्या."

तात्यांनी तोंडाला उपरणं बांधून खोलीचं दार उघडलं. चित्र बाहेर आणून उजेडात धरलं. शाझियानं केसांत मिसळलेल्या त्या गर्द निळ्यावर राखेसारखी पांढुरकी झाक चढली होती. भांगापासून कानांपर्यंत सगळं डोकं पिकलं होतं. आत गेली होती चोवीस वर्षांची नवरी आणि धुरीतून बाहेर आली होती साठ वर्षांची बाई.

त्यांनी फोटो काढून शाझियाला पाठवला. मिनिटभरानं फोन आला.

"काका," ती फार हळू बोलत होती, "यावर तुम्ही नेमकं काय काय केलं?"

तात्यांनी तारीखवार सांगितलं.

"ह्ये दुरुस्त हुतंय का पोरी?"

"खरवडून नवं काढायला दोन महिने लागतील. आता पुसायला जाऊ नका, गाल हातात येईल. आणि काका, आतून ते अजून ओलंच आहे बरं का."

चौदा तारखेला सकाळी तात्या निघाले तेव्हा हरिबानं दरवर्षीप्रमाणे बेदाण्याचं खोकं मागच्या सीटवर ठेवलं होतं. तात्या त्या खोक्याकडे बघत राहिले. किती सोपं होतं! चित्र शेडवर ठेवायचं, खोकं न्यायचं. वाईचे लोक हसले असते, पण ते तसेही हसतच होते. त्यांनी खोकं उचललं, हरिबाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बेदाणा न्हाई म्हंजे न्हाई." मग चित्र त्याच सीटवर पट्ट्यानं बांधलं आणि साताऱ्याच्या दिशेनं गाडी सोडली.

जयराजच्या दारात त्याची बायको अपूर्वा जणू त्यांचीच वाट बघत होती. "आलात दाजी! द्या लवकर, आचारी खोळंबलाय."

"काय देऊ?"

"बेदाणे! साखरभाताला. तुम्ही आणणारच म्हणून आम्ही एक दाणासुद्धा आणला नाही."

"पण क्षमा म्हनली हुती..."

"वन्सं भेट म्हणून देऊ नका म्हणाल्या होत्या. भातात घालू नका असं कुठं म्हणाल्या?"

छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तात्या बेदाण्याशिवाय आले होते आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या घराला बेदाणे हवे होते. जयराजला स्कूटरवरून बाजारात पिटाळलं. आचाऱ्यानं भातावर झाकण ठेवलं आणि तात्यांकडे असं बघितलं, की ते चित्र घेऊन मुकाट हॉलमध्ये गेले.

ओवाळणं झालं, भेटी झाल्या. जयराज बाजारातून परतला आणि घाम पुसत म्हणाला, "आता दाजींची भेट बघू. बेदाणे तर नक्की नाहीत!" सगळे हसले. तात्यांनी मनाचा हिय्या करून चौकटीवरचं कापड ओढलं.

सगळे पुढं झुकले. तात्यांना वाटलं, आता जमीन दुभंगावी.

"अरे वा!" जयराज ओरडला. "हुबेहूब ताई! दाजी, तिला समोर बसवून काढून घेतलंत का?"

"त्या सुरकुत्या बघा," एक म्हातारे पाहुणे पुढं सरसावले. "नुसत्या रेषा नाहीत, अंगच तसं उमटवलंय. आणि केस! काय हात आहे चित्रकाराचा!"

तात्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. सासुरवाडीत आपलं कौतुक कसं ऐकू येतं, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. लोक मोबाइलवर फोटो काढत होते. क्षमाताई मात्र लांब उभ्या राहून चित्राकडे बघत होत्या आणि तात्या त्यांच्याकडे बघत होते. साऱ्या घराचं कौतुक एकीकडे आणि तो एक चेहरा एकीकडे.

पहिली पंगत बसली आणि हॉल रिकामा झाला, तेव्हा त्या चित्राजवळ आल्या. चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हा माझा लग्नातला शालू," त्या म्हणाल्या. "आणि ही नथ तर दहा वर्षांपूर्वीच हरवली."

तात्यांनी नव्या शर्टाची कॉलर सैल केली.

क्षमाताईंनी नाक चौकटीजवळ नेलं आणि वास घेतला. छत्तीस वर्षं त्यांनी त्या गंधकाच्या वासाचे कपडे धुतले होते. मग चौकट थोडी पुढं ओढून मागची चिठ्ठी वाचली. हरिबानं पुढच्या नोंदीही न चुकता केल्या होत्या.

"वाण मालकीणबाई," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "चढवली सहा तारखेला. फवारा एक. धुरी एक."

"क्षमा, ऐक माजं. ती पोरगी म्हनली हुती हात लावू नका. मी आपलं, ओला माल कसा न्यायचा तुज्या माहेरी... पार वाटूळं केलं बघ मी. नवरीच्या नवरी..."

क्षमाताईंच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. त्या रडतायत असं वाटून तात्या घाबरले. पण त्या हसत होत्या. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"अहो, वाटोळं कसलं," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला वाळवायला छत्तीस वर्षं घेतलीत तुम्ही. हिला आठ दिवसांत जमवलंत. हात बसला तुमचा!"

तात्यांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

"आणि ही खळी?" क्षमाताईंनी उजव्या गालाकडे बोट दाखवलं. "मला कुठं होती खळी?"

"ती मी... वाळलंय का बघताना. अंगठ्यानं."

क्षमाताईंनी चित्राकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. आतल्या खोलीत वाढप चालू होतं आणि आचारी साखरभाताच्या नावानं ओरडत होता. हॉलमध्ये कोणी नाही याची त्यांनी खात्री करून घेतली, पुढं झाल्या आणि आपला अंगठा चित्राच्या डाव्या गालावर ठेवून चांगला दाबला. साय फुटली आणि अंगठा आतल्या ओल्या रंगात रुतला.

"एकाच गालाला बरी नाही दिसत," त्या म्हणाल्या, आणि गुलाबी झालेला अंगठा त्यांनी तात्यांच्या नव्या शर्टाच्या बाहीला पुसला.